पडद्यावर मराठी, कानावर रोमन

समान संधी कक्षाचे काम माझ्याकडे आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आपला लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला. त्याला दृष्टी नाही. “मॅडम, राज्यशास्त्राच्या नोट्स मिळाल्या, पण वाचता येत नाहीत,” एवढेच बोलून त्याने फाइल उघडली. मला पडद्यावर स्वच्छ, ठळक मराठी मजकूर दिसत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवरचे प्रकरण होते. त्याने हेडफोनची वायर काढली आणि बाणाच्या कळीने तो एकेक अक्षर पुढे सरकू लागला. माझी नजर ‘महाराष्ट्र’ या शब्दावर होती आणि लॅपटॉप म्हणत होता : ई, जी, के, जे, के.

ती फाइल कृतिदेव फॉन्टमध्ये टंकित केलेली होती. युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवण्याची संगणकीय पद्धत, रुळण्यापूर्वीचे असे बहुतेक फॉन्ट एकाच युक्तीवर चालत : संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच राहायचे, फक्त त्याच्या जागी चित्र देवनागरीचे दिसायचे. त्या काळी मराठी छापून घ्यायची तर दुसरा सोयीचा मार्ग नव्हता आणि या फॉन्टनी कागदावरचे काम चोख केले. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, मात्र चित्र पाहत नाही; फाइलमध्ये जे अक्षर साठवले असेल तेच उच्चारतो. त्यामुळे जी फाइल आम्ही वर्षानुवर्षे ‘मराठीतील अभ्याससाहित्य’ म्हणून देत आलो होतो, ती त्या मुलासाठी निरर्थक अक्षरांची रांग होती. वसतिगृहातला त्याचा सोबती रोज रात्री तासभर नोट्स वाचून दाखवत असे आणि परीक्षा जवळ आली की तो सोबती स्वतःच्या अभ्यासाला लागत असे. पदवीची तीन वर्षे त्याने अशीच काढली होती. तो निघून गेल्यावर मी माझ्या स्वतःच्या नोट्स उघडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक त्याच फॉन्टमध्ये होत्या.

शिक्षकांनी आपल्या फाइली सर्वांना वाचता येतील अशा कशा कराव्यात, याच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव या घटनेतून तयार झाला. पाच शनिवार, रोज तीन तास, संगणक प्रयोगशाळेत, आणि प्रत्येक विभागातून किमान दोन शिक्षक. मंजुरीला फारसा वेळ लागला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये दिली आहेत, आणि या विषयावर काहीच केलेले नाही असे कोणत्याही विद्यापीठाला कागदावर दिसू देणे परवडत नाही. पहिला शनिवार मी याच कायद्याला दिला. अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार कोणते, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा कशा राखायच्या, माहिती आणि संपर्काची साधने सर्वांना वापरता यावीत याबद्दल कलम ४२ काय सांगते, हे सगळे मी मनापासून सांगितले. सहकाऱ्यांनी ते शांतपणे ऐकून, टिपून घेतले. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःची एक फाइल सुधारून आणायची होती. एकही आली नाही. चूक माझी होती. कायद्याने जबाबदारी कळते, पण फाइलमध्ये नेमके काय बिघडले आहे ते कायदा दाखवू शकत नाही, आणि जे बिघडलेले दिसतच नाही ते कोणी दुरुस्त करायला बसत नाही.

म्हणून दुसऱ्या शनिवारी मी एकही स्लाइड दाखवली नाही. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर एनव्हीडीए बसवून घेतला होता. हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी २००६ साली त्याचे काम सुरू केले, आणि महागडी सॉफ्टवेअर घेणे ज्यांना शक्य नाही अशा आपल्याकडच्या असंख्य विद्यार्थ्यांचा तो आज आधार आहे. प्रत्येकाला हेडफोन दिले, सगळे मॉनिटर बंद करायला सांगितले आणि एकच काम दिले : समोरच्या चाळीस पानी फाइलमधून तिसऱ्या घटकातील दुसरा मुद्दा शोधून त्याचे पहिले वाक्य मला सांगा. फाइल मुद्दाम युनिकोडमध्ये, शुद्ध मराठीत ठेवली होती. फक्त तिच्यातील शीर्षके आपण एरवी करतो तशी होती, म्हणजे अक्षर मोठे, ठळक, मध्यभागी आणि खाली रेघ.

दहा मिनिटांत कोणालाही तो मुद्दा सापडला नाही. खोलीत फक्त कळांचा आवाज होता. डोळ्यांना मोठे आणि ठळक दिसते म्हणून ते शीर्षक, हे संगणकाला ठाऊक नसते. त्याच्या लेखी तोही एक साधा परिच्छेदच. त्यामुळे ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीपासून सगळे ऐकत जाण्यावाचून गत्यंतर नसते. मग मी त्याच मजकुराची दुसरी फाइल उघडायला सांगितली. तिच्यात शीर्षकांना वर्डमधील ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइल दिलेल्या होत्या. आता ब्राउझ मोड चालू करून एच ही कळ दाबली की एनव्हीडीए एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जात होता, आणि मिनिटभरात चहूकडून उत्तरे येऊ लागली. इतिहास विभागातील एक ज्येष्ठ प्राध्यापिका, ज्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, हेडफोन काढून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या नोट्स घेऊन तो मुलगा दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात करत असेल.” तिसऱ्या शनिवारी पहिली सुधारलेली फाइल त्यांनीच आणली.

तिसऱ्या शनिवारी मात्र जे उघड झाले त्याची मी कल्पनाच केली नव्हती. फाइल सुधारण्याचे काम सगळ्यांना पटले होते, पण शिक्षकांपैकी निम्म्यांच्या हातात फाइल नव्हतीच. ते हस्तलिखित विभागाच्या कार्यालयात देत आणि टंकलेखक ते टाइप करत, किंवा ते फाटकाबाहेरच्या डीटीपी केंद्रात जाई. साहित्य प्रत्यक्षात ज्यांच्या बोटांतून तयार होत होते, त्यांना आम्ही बोलावलेच नव्हते. प्रस्तावात मी ‘शिक्षक’ हा शब्द लिहिला होता. ‘शिक्षकेतर कर्मचारी’ लिहायचे राहून गेले होते. त्याच दिवशी दुपारी मी सर्व विभागांच्या लिपिकांना आणि ग्रंथालयातील सहायकांना पुढच्या शनिवारचे निमंत्रण दिले, आणि या साऱ्या प्रशिक्षणाचा खरा उपयोग तिथून पुढे झाला असे माझे मत आहे.

आमच्या विभागाच्या टंकलेखकांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी टंकलेखन यंत्रावर मराठीची ४० शब्द प्रतिमिनिटाची शासकीय परीक्षा दिलेली, आणि तीच बोटे त्यांनी संगणकावर आणली. युनिकोडचे नाव काढताच ते म्हणाले, “मॅडम, इनस्क्रिप्ट शिकायचं म्हणजे मला पुन्हा पहिलीत बसावं लागेल. रोजची पत्रं कोण काढणार?” हा प्रश्न रास्त होता. ज्या माणसाची साहेबांसमोरची सारी पत त्याच्या टंकलेखनाच्या वेगावर उभी आहे, त्याला तो वेग सोडायला सांगणे अन्यायाचे झाले असते. पण युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट ही कळरचना नव्हे. अक्षर कोणत्या संकेताने साठवायचे हे युनिकोड ठरवते. कोणत्या कळीवर कोणते अक्षर ठेवायचे हा वेगळा प्रश्न आहे, आणि टंकलेखन यंत्राचीच कळरचना ठेवून युनिकोडमध्ये लिहिता येते. भाऊंच्या संगणकावर तशी व्यवस्था करून दिली, तेव्हा त्यांनी ‘विद्यापीठाच्या संदर्भाधीन पत्रान्वये’ ही ओळ न पाहता एका दमात टाइप केली, पडद्याकडे पाहिले आणि एनव्हीडीएने ती मराठीत वाचलेली ऐकून शेजारच्या विभागातील लिपिकाला हाक मारली.

जुन्या फाइली बदलणे हे याहून कष्टाचे होते. रूपांतराची साधने मोफत मिळतात, पण त्यांच्यातून निघालेला मजकूर तसाच कोणाला देऊ नये. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व इकार अक्षराच्या आधी टाइप केला जातो आणि रफार अक्षरानंतर. रूपांतर करताना दोन्ही उचलून योग्य जागी बसवावे लागतात, आणि जोडाक्षर आले की साधन चुकते. शिवाय यांतील बरीच साधने हिंदीसाठी घडवलेली आहेत, त्यामुळे ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांच्या’ अशा शब्दांतील अर्धा र त्यांना ओळखताच येत नाही. राज्यशास्त्राच्या त्या प्रकरणात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द जिथे जिथे आला होता तिथे तिथे तुटला होता. भाऊंनी पाठकोऱ्या कागदावर एक यादी करायला घेतली : डावीकडे साधनाने दिलेले चुकीचे रूप, उजवीकडे बरोबर रूप. प्रत्येक नव्या फाइलबरोबर यादी वाढत गेली. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ती क्रमाने चालवली की मोठ्या चुका निघून जात, आणि उरलेल्यांसाठी शिक्षकाने एकदा वाचून पाहणे भागच होते. त्या यादीला प्लास्टिकचे आवरण घालून ती आता कार्यालयातील तीन टेबलांवर ठेवलेली आहे. प्रशिक्षणासाठी मी तयार केलेल्या पुस्तिकेपेक्षा ती जास्त हाताळली जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वर्डमध्ये सुगम्यता तपासण्याची सोय आहे आणि ती वापरायला मी सर्वांना शिकवले. चित्रात काय आहे ते शब्दांत सांगणारा पर्यायी मजकूर नाही, तक्त्याला शीर्षओळ नाही, रंगांत पुरेसा फरक नाही, अशा उणिवा ती बिनचूक दाखवते. पण जुन्या फॉन्टमधील संपूर्ण फाइलसुद्धा तिच्या तपासणीतून सहीसलामत पार पडू शकते, कारण तिच्या लेखी ती रोमन अक्षरांची नीटनेटकी फाइल असते. मराठीत काम करणाऱ्याने ‘कोणतीही त्रुटी आढळली नाही’ या संदेशावर विसंबून राहू नये. फाइल पाच मिनिटे कानांनी ऐकणे हीच आपली खरी तपासणी आहे. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवणेही त्याच वेळी करून घ्यावे, म्हणजे मराठी आणि इंग्रजी मिसळलेल्या फाइलमध्ये वाचणारा आवाज योग्य ठिकाणी बदलतो.

चौथ्या शनिवारी चित्रांचा विषय होता आणि त्या दिवशी मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. भूगोलाच्या एका तरुण सहायक प्राध्यापकांनी महाराष्ट्राच्या पर्जन्यवितरणाचा नकाशा आणला होता आणि त्याला पर्यायी मजकूर दिला होता, ‘महाराष्ट्राचा नकाशा’. आमचा विद्यार्थी त्या दिवशी सोबत बसला होता. त्याने नम्रपणे विचारले, “सर, या नकाशात काय आहे, ते परीक्षेत विचारलं तर मी काय लिहू?” सरांनी दुसऱ्यांदा लिहिले तेव्हा निळ्या रंगाच्या पाच छटा, कोणती छटा कुठे, असे सगळे रंगांचे वर्णन झाले. मुलगा म्हणाला, “सर, निळा म्हणजे जास्त की कमी?” तिसऱ्या वेळी सरांनी नकाशाकडे पाहणे सोडले आणि वर्गात सांगतात तसे लिहिले : ‘कोकण किनारपट्टी आणि सह्याद्रीचा माथा येथे पाऊस सर्वाधिक, घाट ओलांडून पूर्वेकडे येताच तो झपाट्याने घटतो आणि पठाराचा मोठा पट्टा पर्जन्यछायेत येतो, पुढे पूर्व विदर्भाकडे जाताना पाऊस पुन्हा वाढत जातो.’ मुलाने ते दोनदा ऐकले आणि म्हणाला, “हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, की पूर्वेला पुन्हा वाढतो.” सर नंतर मला म्हणाले की नकाशा फळ्यावर टांगून ते पुढे जात असत आणि विद्यार्थ्यांना तो वाचता येतो असे गृहीत धरत असत, आता हीच तीन वाक्ये ते वर्गातही म्हणतात. त्या दिवसापासून पर्यायी मजकूर कसा लिहावा याचे नियम सांगणे मी सोडून दिले. हा नकाशा तुम्ही फोनवर एखाद्या विद्यार्थ्याला कसा समजावून सांगाल, एवढेच विचारते.

पाचवा शनिवार स्लाइड, पीडीएफ आणि ग्रंथालय यांच्यासाठी होता. स्लाइडबद्दल थोडक्यात सांगते. प्रत्येक स्लाइडला शीर्षक हवे. मजकूर आराखड्यातील ठरलेल्या चौकटीतच लिहावा. साध्या आकाराच्या अक्षरांत आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ इतका रंगभेद असावा. पांढऱ्यावर पिवळा लिहिणे यामुळे आपोआप बंद होते. गणिताच्या शिक्षकांना सूत्रे चित्र म्हणून न चिकटवता समीकरण-संपादकात लिहावी लागतील हे सांगितले. त्यांचे वेगळे सत्र अजून व्हायचे आहे आणि ते घाईने उरकू नये असे मला वाटते.

पीडीएफचे प्रकरण मात्र मराठीत अधिक अवघड आहे. वर्डमधून ‘सेव्ह अ‍ॅज’ने पीडीएफ केली तर शीर्षकांच्या खुणा फाइलमध्ये टिकतात, ‘प्रिंट’ची आज्ञा देऊन केली तर त्या पुसल्या जातात. कार्यालयात सर्रास दुसरीच सवय होती. त्यातून युनिकोडमधील मराठी मजकूरसुद्धा पीडीएफमध्ये गेल्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरांचा क्रम बिघडून बाहेर येतो, असे आम्हाला वारंवार आढळले. म्हणून आम्ही ठरवले की पीडीएफ कोणाला हवी तर द्यावी, पण तिच्यासोबत मूळ वर्ड फाइल प्रत्येक वेळी द्यायचीच. आपल्या नोट्स कोणी बदलून वापरेल या भीतीने काही शिक्षकांनी याला विरोध केला. फाइल केवळ वाचनासाठी खुली ठेवता येते हे दाखवल्यावर बहुतेकांची हरकत मावळली.

ग्रंथालयातील अडचण निराळी होती. संदर्भग्रंथांची प्रकरणे स्कॅन करून द्यायची म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग, अशी तेथील सहायकांची प्रामाणिक समजूत होती. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचे सुगम्य रूप तयार करण्याची मुभा दिली आहे, आणि याच विषयावरचा माराकेश करार २०१३ साली झाल्यावर त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता, हे त्यांना सांगितल्यावर काम सुरू झाले. नुसते स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातून अक्षरे ओळखून घ्यावी लागतात. स्वच्छ छपाईच्या पुस्तकांत ते बऱ्यापैकी जमते, पण खिळ्यांच्या छपाईच्या, पिवळ्या पडलेल्या पुस्तकांत प्रत्येक पान हाताने तपासावे लागते. ग्रंथालयाने त्यासाठी ‘कमवा आणि शिका’ योजनेतील चार विद्यार्थी घेतले आहेत.

या पाच आठवड्यांत एक प्रश्न मला अनेकदा विचारला गेला : एका विद्यार्थ्यासाठी एवढे? विचारणाऱ्यांच्या मनात आकस नव्हता. त्यांच्यावर कामाचा भार खरोखरच आहे. मी त्यांना सांगत असे की तो एक आपल्यापर्यंत चालत आला म्हणून आपल्याला दिसला. अल्पदृष्टी असलेली मुलगी नोट्सची अक्षरे मोबाइलवर मोठी करू पाहते आणि स्कॅन फुटतो, हे ती कोणाला सांगत नाही. वाचनात अडखळणारा मुलगा स्वतःलाच कमी समजतो. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थिनीला आमची ध्वनिमुद्रित व्याख्याने दोन वर्षे निरुपयोगी होती, आणि मजकूर मागता येतो हेच तिला माहीत नव्हते. तिच्यासाठी आम्ही आता व्याख्यान गूगलच्या मराठी श्रुतलेखनातून उतरवून घेतो आणि शिक्षक ते दुरुस्त करतात. साहित्य आधीपासून नीट असले तर कोणालाच आपले दिव्यांगत्व पुढे करून ते मागावे लागत नाही, आणि मागावे लागणे हे किती जड असते ते त्या मुलाने माझ्या दारात उभे राहून घेतलेल्या पहिल्या श्वासात मला ऐकू आले होते.

जूनमध्ये नवे सत्र सुरू झाले. राज्यशास्त्राच्या तिसऱ्या सत्राच्या नोट्स सर्व विद्यार्थ्यांना एकाच दिवशी मिळाल्या, त्यालाही. चार दिवसांनी त्याचा निरोप आला. चौदाव्या पानावर विधानसभा निवडणुकांचा तक्ता आहे, त्यात दुसऱ्या रकान्यातील आकडे कोणत्या वर्षाचे ते ऐकून कळत नाही, असे त्याने कळवले होते. मी फाइल घेऊन कार्यालयात गेले. भाऊंनी तक्ता पाहिला, मॉनिटर बंद केला, हेडफोन लावून तो एकदा ऐकला आणि म्हणाले, “वरच्या ओळीत मी दोन घरं जोडून एक केलं होतं, त्यामुळे झालं.” त्यांनी जोडलेली घरे पुन्हा वेगळी केली, प्रत्येकावर वर्ष लिहिले, पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नोंदवली आणि फाइल त्याला पाठवून दिली.